पवन राजाचे फाळ

सह्याद्रीकडचा पाहुणा वर्ध्याला येतो, सेवाग्राम बघतो आणि मग हळूच विचारतो, "इकडे किल्ला नाही का एखादा?" आम्ही जरा ओशाळतो. कडा, माची, पाण्याची टाकी, चढताना जीव काढणारी वाट, यातलं आमच्याकडे काही नाही. आमच्याकडे गढ्या आहेत. सपाट काळ्या रानातून एकदम टेकाड वर येतं, त्यावर विटांची पडकी भिंत असते, एखादी कमान कशीबशी उभी असते आणि टेकाडाच्या अंगावरच गावाची घरं चढलेली असतात.

उंचीची ही उणीव आम्ही गोष्टींनी भरून काढतो. केळझरच्या किल्ल्यात आज सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, पण गावाला विचाराल तर भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. नारळ-सुपारीच्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा मालच दगड झाला, असं सांगतात. भूगर्भवाले म्हणतात, ही खडकाच्या पोकळीत तयार झालेली खनिजं. दोन्ही ऐकून घ्यावं. पवनारची गोष्ट मात्र याच्या उलट्या दिशेची आहे. गिरडला माल दगड झाला, पवनारला लोखंड सोनं झालं.

पवनार वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर आठ-नऊ किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी. नदीच्या एका काठावर गाव आणि गढी, दुसऱ्या काठावर विनोबांचा परमधाम आश्रम. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं पाचव्या शतकात वसवलेली प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आता काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं हे ठाणं होतं. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथं उत्खनन केलं. एवढा इतिहास पोटात घेऊन बसलेल्या या टेकाडावर एरवी बकऱ्या चरतात.

आता गोष्ट. एक म्हातारा आणि त्याचा नातू. त्यांना नावं देत नाही, सेलू तालुक्यात असे आजे-नातू घरोघर आहेत.

म्हाताऱ्याकडे पाच एकर कोरडवाहू. त्यातले दोन एकर डांबरी रस्त्याला लागून. या दोन एकरांवर एका प्लॉटवाल्याचा डोळा होता. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग पवनारपासून सुरू होणार, अशी घोषणा झाली आणि त्या भागातल्या जमिनीचे भाव रातोरात शहाणे झाले. प्लॉटवाला दर आठवड्याला यायचा, चहा प्यायचा, इसाराची रक्कम वाढवून जायचा. म्हातारा, म्हणजे नातवाचे आबाजी, त्याला हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. नातू बी. ई. झालेला. पुण्यात काही महिने कंपनीत काढले, कंत्राट संपलं, परत आला. त्याचं मत स्पष्ट होतं. विका आणि मोकळे व्हा.

आबाजी विकत नाहीत म्हटल्यावर त्यानं दुसरी वाट काढली. मित्रांनी मिळून ऑनलाइन एक यंत्र मागवलं. लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायचे हेडफोन. जमिनीखालचा धातू हेरणारं. अंगणात चाचणी घेतली तेव्हा यंत्र जोरात ओरडलं ते आजीच्या उशीखालच्या अडकित्त्यावर. आजीनं पोराचा उद्धार केला. आबाजींनी विचारलं, "हे कायले आणलं बे?"

"पवनारच्या गढीवर सोनं हाये म्हणते, आबाजी. पवन राजाचं."

म्हातारा रागावेल असं घरच्यांना वाटलं. तो म्हणाला, "मंग रात्री चोरावानी कायले जातं? उद्या सकाळी मी येतो तुह्यासंगं. दाखोतो कुठं हाये ते."

दोघं मोटारसायकलवर निघाले. तुरी निघून गेल्या होत्या, रानात पऱ्हाटी तेवढी उभी होती. गढीवर चढल्यावर नातवाला पहिल्यांदा दिसले ते खड्डे. बुरुजाच्या पायाशी एक, भिंतीला लागून दुसरा. एका खड्ड्याच्या काठावर वाळलेली लिंबं होती, कुंकू सांडलेलं होतं, काळ्या कापडाची चिंधी होती. त्याच्याआधी कुणी तरी येऊन गेलं होतं, तेही अमावस्या बघून. खणणाऱ्यांनी पायाच्या विटा उपसून बाजूला फेकल्या होत्या. वर भिंतीला नवी चीर गेली होती.

"शेदोनशे वर्सं पावसानं नाई पाडली ते भित," आबाजी म्हणाले, "हे पाडतीन."

नातू काही बोलला नाही. त्यानं यंत्र सुरू केलं. खणायचं नाही, नुसतं फिरवायचं, असं आबाजींनी आधीच बजावलं होतं. यंत्र लगेच वाजलं. पायानं माती उकरली तर बाटलीचं झाकण. पुन्हा वाजलं, गंजलेला खिळा. मग बैलगाडीच्या धावेचा तुकडा, कुणाच्या तरी चपलेचा बक्कल, पुन्हा झाकण. पाऊण तासात यंत्राला सगळं मिळालं, सोनं सोडून. नातू घामाघूम होऊन कमानीच्या सावलीत येऊन बसला. यंत्राच्या किमतीतला त्याचा वाटा किती, हे त्यानं सांगितलं नाही. आबाजींनीही विचारलं नाही.

"गोष्ट तरी पुरती ठाऊक हाये का तुले?" त्यांनी पानपुडी काढली.

ही गोष्ट इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरवाल्यांनीसुद्धा टिपून ठेवली आहे, पण म्हाताऱ्याला ती त्याच्या आजीकडून मिळाली होती. पवन नावाचा राजा होता. पवनार त्याचं, पवनी त्याची, पोहणाही त्याचंच. त्याच्याकडे परीस होता. म्हणून तो शेतकऱ्याकडून ना धान्य घ्यायचा, ना पैसा. सारा म्हणून फक्त नांगराचा लोखंडी फाळ घ्यायचा. फाळाला परीस लावायचा, फाळाचं सोनं व्हायचं. कोठारं भरली. मग शत्रू चालून आला, त्याच्यापुढे राजाचं काही चालेना, तेव्हा राजानं बायकापोरांसकट धामेत उडी घेतली. परीसही त्याच्यासोबत गेला. राजा पुन्हा कुणाला दिसला नाही.

सांगता सांगता म्हाताऱ्याचा चेहरा खुलला होता. "असा राजा पायजे! आता पाय, सोसायटीचं व्याज, बियाण्याच्या थैल्या, फवारे, आणिक वरून पीकविम्याचे फारम. त्याच्या राज्यात एक फाळ देल्ला का सुटला माणूस."

इतकी वर्षं ही गोष्ट अशीच ऐकली गेली आहे. सोन्यासारखा राजा, नावापुरता सारा. मीही लहानपणी ती अशीच ऐकली आणि त्या राजाचा हेवा वाटला.

नातवानं मात्र विचारलं, "आबाजी, फाळ नवा देत होते का घासलेला?"

"आँ?"

"राजाले. नवा फाळ देत होते का जुना?"

आबाजींनी सुपारी कातरायची थांबवली. "जुनाच देत असन. नवा कोण देते?"

"मंग तुमी जुन्या फाळाचं काय करत होते?"

हा प्रश्न म्हाताऱ्याच्या हातातला होता. ट्रॅक्टर यायच्या आधीची गोष्ट. आखाजीच्या आधी घरोघरचे फाळ आणि वखराच्या पासा लोहाराच्या भात्यावर जायच्या. टोक घासून बोथट झालेलं असायचं. लोहार ते तापवून ठोकायचा, पाजवायचा, फारच झिजलं असेल तर वर लोखंडाचा तुकडा चढवायचा आणि पाणी द्यायचा. मोल पैशात नव्हतं, खळ्यावर धान्यात मिळायचं. "एक फाळ माह्या बापानं जन्मभर चालोला," आबाजी म्हणाले. "मी त्याच्यावर दोनदा लोखंड चढोलं. मंग तो मोडीत गेला."

"म्हणजे जुना फाळ फुकटचा नव्हता. त्याच्यातच पुढचा फाळ होता."

"होता."

नातवानं मोबाइल काढला. सवयच ती, काही डोक्यात आलं की आकडा मांडायचा. समजा राज्यात हजार नांगर. फाळ धरा दोन किलोचा. दर वर्षी दोन टन लोखंड नांगरांतून राजवाड्यात जाणार आणि सोनं होऊन बसणार. ते परत भात्यावर येणार नाही. म्हणजे तेवढं लोखंड दर वर्षी नव्यानं आणायचं. कुठून? धामेच्या काठी लोखंड पिकत नाही. नागपूर जिल्ह्यात नाईकुंडला अडीच हजार वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे, हे त्याला ठाऊक होतं. कॉलेजात धातुशास्त्राच्या सरांनी सांगितलेली ही एकच गोष्ट त्याच्या लक्षात राहिली होती, कारण ती आपल्या भागातली होती. तशी भट्टी चालवायची म्हणजे दगड फोडा, वाहून आणा, कोळशासाठी झाडं तोडा. हे सगळं कोण करणार? राजा नाही. राजाला परीस फुकट पडला होता, कुणब्याला लोखंड फुकट पडत नव्हतं.

"आणि आबाजी, मले सांगा. फाळाचं सोनं होते, हे एकदा कळल्यावर राजा घासलेला फाळ घेईन?"

म्हातारा बघत राहिला.

"किलोनं मोजून घेईन तो. अमक्या वजनाखालचा चालणार नाई म्हणन. मंग गावात जो फाळ सगळ्यात भारी, तो आधी राजाकडं. शेतात काय रायलं? काडी. त्या काडीनं वखरलं तर जमीन किती खोल निघते ते तुमालेच ठाऊक."

मला या पोराचं कौतुक वाटतं ते इथं. यंत्र घेऊन सोनं शोधायला आलेला पोरगा, गोष्टीतल्या सोन्याकडे पाठ करून फाळाचा हिशोब मांडत बसला. राजाला परीस मिळाला की सारा हलका होतो, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. परीस मिळालेला सावकार, परीस मिळालेलं सरकार, परीस मिळालेला व्यापारी हलक्या हातानं घेतो, असा अनुभव मात्र कुणाच्या गाठीशी नाही. आणखी एक. या कथेत राजाला नाव आहे, नदीला आहे, गावांना आहे. ज्यांनी फाळ दिले त्यांच्यातल्या एकालाही नाव नाही. फाळ दिल्यावर पुढच्या मृगाला त्यांनी काय केलं, हे आजीनं सांगितलं नाही आणि गॅझेटियरच्या साहेबानंही विचारलं नाही.

आबाजींनी पान तोंडात टाकलं. बराच वेळ चघळलं. मग म्हणाले, "मंग आपल्या दोन एकराचं कसं?"

"ते वेगळं हाये."

"काऊन वेगळं?"

"जमीन विकली का पैसा येते. पैशानं..."

"पैशानं काय?"

पैशानं काय, हे त्याला पूर्वी पाठ होतं. गाडी, वर्ध्यात फ्लॅट, उरलेले बँकेत. आता ते सांगावंसं वाटेना. पण तो गप्प बसणाऱ्यातलाही नव्हता. त्यानं दुसरा हिशोब काढला, आणि हा पहिल्याहून कडू होता. कापसाचा 2024-25 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 7,521 रुपये. त्यातून वेचणी वजा करा, बियाणं, खत, फवारणी, डवरणी वजा करा. गुलाबी बोंडअळी आली तर आणखी वजा करा. सोयाबीन येलो मोझॅकनं गेलं त्या वर्षाचं तर नावच नको. "फाळ ठेवून तरी काय करता, आबाजी? तो राजा निदान फाळच नेत होता. इथं फाळ घरात हाये आणि तरी बी खळ्यावर काई उरत नाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "हे खरं हाये."

बोधकथेतला म्हातारा अशा वेळी सुभाषित म्हणतो. याच्याकडे नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या माणसानं पन्नास पेरण्या केल्या आहेत, त्याला शेतीचं गुणगान सांगवत नाही. ज्यांना सांगवतं, त्यांची शेती बहुधा दुसरा कुणी करतो.

दोघं खाली उतरले. पूल ओलांडून आश्रमाकडे गेले, कारण आबाजींना तिथल्या घाटावर पाय बुडवायचे होते. याच पुलावरून 1938 साली विनोबा आले. प्रकृती पार ढासळलेली, वजन 88 पौंडांवर आलेलं. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला. विनोबांनी जागा निवडली ती जमनालाल बजाजांच्या धामेकाठच्या टेकडीवरच्या बंगल्याची. नदी ओलांडताना 'संन्यस्तं मया' असं तीनदा म्हणून त्यांनी मागचे सगळे विचार सोडून दिले, आणि मग तिथल्या जमिनीत थोडं थोडं खणायला सुरुवात केली. प्रकृती सुधारली. पुढं खणता खणता जमिनीतून जुनी शिल्पं निघाली. त्यातलंच एक भरत-राम भेटीचं मानून आश्रमातल्या मंदिरात ठेवलं आहे.

नातू त्या शिल्पापुढे उभा राहिला. "हे कोणत्या मशिननं सापडलं?"

"कुदळीनं," आबाजी म्हणाले. "आणि तो सोनं पाहत नव्हता."

सोन्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. 1950 साली विनोबांनी याच आश्रमात एक प्रयोग सुरू केला, त्याला नाव दिलं कांचनमुक्ती. पैशावाचून जगायचं. अन्न आपल्या हातानं पिकवायचं, कापड आपल्या हातानं काढायचं. शेती बैलांशिवाय, कुदळ-फावड्यानं. विहिरीचा रहाट आश्रमातली माणसंच ओढत. ज्या गावी एका राजानं फाळांचं सोनं केलं, त्याच गावच्या दुसऱ्या काठावर एक माणूस सोन्यावाचून जमीन खणत होता. हे त्यानं पवन राजाची गोष्ट ऐकून केलं, असं मी म्हणत नाही. पण धामेच्या पाण्याला दोन्ही काठ दिसले आहेत.

त्या प्रयोगातून जगाला काय मिळालं, याचे हिशोब लोक वेगवेगळे मांडतात. 8 मार्च 1951 ला विनोबा इथूनच पायी निघाले, 18 एप्रिलला तेलंगणात पोचमपल्लीला भूदानाची पहिली जमीन मिळाली, पुढच्या वर्षांत देशभरातून चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन जमली. तिच्यातली बरीच खडकाळ होती, बरीच वादात होती, पुष्कळ वाटलीच गेली नाही. नातवाला हेही ठाऊक होतं, आणि ते त्यानं घाटावर बसून आबाजींना ऐकवलं. आबाजींनी विनोबांना तरुणपणी पाहिलं होतं. तरीही त्यांनी वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, "त्यानं मांगून घेतली. हिसकून नाई घेतली. आणि सोताच्या नावावर एक गुंठा बी नाई केला."

मग पाण्यात पाय सोडून त्यांनी गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. राजा बुडाला, त्याला खूप वर्षं झाली. एक गोवारी धामेकाठी गुरं चारायचा. त्याच्या कळपात रोज एक काळी गाय येऊन चरायची. कुणाची ते कळेना आणि राखणीची मजुरी तर कुणीच देईना. एक दिवस संध्याकाळी गाय नदीत शिरली, तसा गोवारी तिची शेपटी धरून मागोमाग गेला. तळाशी देऊळ होतं. तिथं पवन राजा बसलेला. गोवाऱ्यानं मजुरी मागितली. राजानं त्याच्या ओंजळीत मूठभर धान्य टाकलं. वर आल्यावर गोवारी संतापला. इतक्या दिवसांच्या राखणीचं मोल मूठभर दाणे? त्यानं ते आगीत भिरकावले. सकाळी राखेत बघतो तर दाणे सोन्याचे झालेले.

"आजी म्हणे, लोभ करू नाई, जे भेटलं ते माथ्याले लावा."

"मी बी फेकले असते," नातू म्हणाला. "वर्सभर गाय चारली आणि मूठभर जव? तो राजा मेल्यावर बी सुधारला नाई, आबाजी. जित्तेपणी फाळ नेले, मेल्यावर मजुरी मारली."

आबाजी इतक्या जोरात हसले की घाटावर सूत कातत बसलेल्या आश्रमातल्या एका ताईंनी वर पाहिलं. माझं मत विचाराल तर मीही गोवाऱ्याच्या बाजूचा आहे. मजुरी मजुरीसारखी दिली पाहिजे, तिचं सोनं होईल की नाही हे देणाऱ्यानं चमत्कारावर सोडू नये. आजीचा बोध तिच्या काळी ठीक असेल. नातवानं काढलेला मला जास्त पटतो.

परतताना कुणी फार बोललं नाही. घरी प्लॉटवाला येऊन बसला होता, आजीनं त्याला चहा दिला होता. नातवानं त्याला विचारलं, "दोन एकराचे पैसे दिल्यावर तुमी त्याचे किती प्लॉट पाडणार? आणि एक प्लॉट कितीले विकणार?" प्लॉटवाल्यानं मोघम उत्तर दिलं. नातवानं मोबाइलवर गुणाकार करून आकडा त्याच्यापुढे धरला. "म्हणजे तुमच्याकडं परीस हाये." प्लॉटवाल्याला काही कळलं नाही. आबाजी दाराआड जाऊन पुन्हा हसले.

जमीन त्या वर्षी विकली गेली नाही. पुढे कधीच विकणार नाहीत, असं मात्र त्यांनी शपथेवर सांगितलेलं नाही आणि मीही त्यांच्या वतीनं सांगत नाही. नातवानं हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये नोकरी धरली. वजनकाट्यावर बसून कापूस घेणाऱ्याचा हिशोब आतून कसा चालतो, हे त्याला बघायचं होतं. आता गाडी भरण्याआधी तो गावातल्या शेतकऱ्यांना आर्द्रता तपासून घ्यायला सांगतो, कारण ओल्या कापसाचा भाव काट्यावर कसा कापतात ते त्यानं रोज पाहिलं आहे. सुट्टीच्या दिवशी वावरात असतो. रस्त्याकडच्या दोन एकरांत केळी लावायचा बेत आहे. सेलूची केळी एकेकाळी नावाजलेली होती, पाण्याचं जमलं तर लावतील.

आणि ते यंत्र? मित्रांनी वाटा सोडून दिला. आता गावात रोटाव्हेटरचं पातं मातीत पडलं, ट्रॅक्टरची पिन हरवली, की त्याला बोलावणं येतं. सोनं त्या यंत्राला एकदाच सापडलं. वेचणीला आलेल्या एका बाईच्या कानातलं पऱ्हाटीत पडलं होतं, ते दुसऱ्या दिवशी तिचं तिला परत मिळालं. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलेलं. त्या बाईनं त्याला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली. ती त्यानं फेकली नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

तुम्ही पवनारला याल तेव्हा आश्रम बघून तसेच नागपूरकडे वळू नका. अलीकडे-पलीकडे दोन्ही काठ बघा. गढीवर चढायला फार वेळ लागत नाही. वर सावली कमी आहे, उन्हाळ्यात सकाळीच जा. विटा हलवू नका, घरी नेऊ नका. कुणी यंत्र किंवा लिंबू घेऊन खणताना दिसलं तर गावच्या पोलीस पाटलाला सांगा. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.